अकरा माशांचं तळं

त्यांना मगमामा का म्हणतात, यावर दोन पक्ष होते. एक पक्ष म्हणायचा, सदानकदा हातात तो कान तुटलेला पत्र्याचा मग असतो म्हणून. दुसरा म्हणायचा, छे, हा माणूस 'मग' म्हटल्याशिवाय तोंडच उघडत नाही म्हणून. जेवलात का विचारलं, तर 'मग?' टाक्या धुतल्या का, तर 'मग?' एकदा ओल्या पायरीवरून घसरून पाय मोडला, डॉक्टरांनी दुखतंय का म्हणून विचारलं, तर तेव्हाही कण्हत कण्हत 'मग?' दोन्ही पक्षांचं बरोबर होतं, पण कोणी माघार घ्यायला तयार नव्हतं.

मोठ्या तळ्याच्या काठावर मत्स्यबीज केंद्र होतं, तिथे मामा कामाला होते. केंद्र म्हणजे काही फार नव्हे. अठरा सिमेंटच्या टाक्या, एक पंपाची खोली, खाद्याच्या पोत्यांची शेड आणि फाटकाशी दोन खोल्यांचं ऑफिस. टाक्यांत माशांची पिल्लं वाढवायची आणि बोटाएवढी झाली की तळ्यात सोडायची. अशा पिल्लाला बोटुकली म्हणतात. आता लाखो बोटुकल्या एकेक करून मोजायला कोणाचा बाप बसलाय? त्या मगाने मोजायच्या. चाळणीत निथळायच्या, मग भरायचा, पिंपात ओतायचा. वीस मगांचं एक पिंप. पिंप हातगाडीवर घालून तळ्याकडे न्यायचं, पाण्यात हलकेच आडवं करायचं, आणि परत आल्यावर पंपाच्या खोलीच्या भिंतीवर खिळ्याने एक रेघ ओढायची. आधीच्या म्हाताऱ्या मोजणीदाराने जाताना मग आणि खिळा दोन्ही हातात दिले होते, आणि सांगितलं होतं की मग कधी उणा भरू नकोस आणि रेघ कधी उद्यावर ठेवू नकोस. बावीस वर्षं मामांनी दोन्ही पाळलं.

लिहिण्याचं मात्र त्यांचं कधी जमलं नाही. हातात पेन आलं की कपाळावर घाम यायचा. वर्षाच्या शेवटी साहेब रजिस्टर पुढे सरकवायचे. वर्ष, सोडलेल्या बोटुकल्यांची संख्या, सही. मामा संख्येच्या रकान्यात दोन उभ्या रेघा मारून मोकळे व्हायचे. म्हणजे डिटो. वरीलप्रमाणे. खरं म्हणजे कोणतंच वर्ष वरच्या वर्षासारखं नसायचं, कधी पिंपं जास्त व्हायची, कधी कमी. पण ते भिंतीला माहीत होतं, मग रजिस्टरला कशाला सांगायचं, असा मामांचा हिशेब. बावीस वर्षांत चार साहेब आले आणि गेले. एकानेही त्या दोन रेघांना हटकलं नाही, सगळ्यांनी खाली झोकात सही ठोकली.

आणि मग वरच्या कचेरीतून नकाशा आला.

नकाशा म्हणजे भिंतीवर लावायचा कागद नव्हे. ऑफिसात दाराएवढा एक स्क्रीन बसवला, आणि तो चालवून दाखवायला एक चष्मेवाली मुलगी आली. तिनेच तो तयार केला होता. साहेबांनी तिचं नाव नीट ऐकलं नाही आणि पुन्हा विचारायला लाज वाटली, म्हणून ते तिला नकाशाबाई म्हणू लागले, आणि तेच चिकटलं. नकाशावर सगळी तळी होती. तळ्यावर बोट टेकवलं की ते फुगून मोठं व्हायचं. किती मासे सोडले तेवढा निळा गोल, किती धरले तेवढा केशरी गोल. खाली वर्षांची पट्टी होती, ती बोटाने सरकवली की गोल लहानमोठे व्हायचे. आणि जिथे थोडे सोडून पुष्कळ मिळाले, अशा पहिल्या नंबरच्या तळ्यावर एक सोनेरी मासा टुणकन उडी मारायचा. तो मासा मात्र अजून चालू करायचा राहिला होता. जुन्या रजिस्टरांचे फोटो वरच्या कचेरीत गेले होते, आणि तिथल्या टाइप करणाऱ्यांनी दिसेल ते मुकाट्याने टाइप केलं होतं.

नकाशाबाईंनी पहिला मान मामांना दिला. मामांनी बोट शर्टाला पुसून कोरडं केलं आणि आपल्या तळ्यावर टेकवलं. केशरी गोल हा एवढा थोरला आला. निळा काही येईना. मध्यभागी एक बारीक ठिपका होता, तो धुळीचा असेल म्हणून मामांनी बाहीने पुसला. पुसून जाईना. नकाशाबाई हळूच म्हणाल्या की काका, तोच गोल आहे. मोठा करून दाखवला. सोडलेल्या बोटुकल्या, अकरा. मामांनी पट्टी मागे सरकवली. अकरा. आणखी मागे. अकरा. बावीस वर्षं, दर वर्षी अकरा.

त्या दोन उभ्या रेघांना टाइप करणाऱ्यांनी अकरा वाचलं होतं. पण हे तेव्हा मामांच्या डोक्यात आलं नाही. यंत्र खोटं कसं बोलेल, एवढंच डोक्यात आलं. ते तडक घरी गेले आणि चप्पल न काढताच खाटेवर बसले.

मामींना नवऱ्याचा चेहरा वाचायला चष्मा लागत नसे. त्यांनी पाणी दिलं आणि वाट पाहिली. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी बोटांवर गुणाकार केला. बावीस वर्षांचे दोनशे बेचाळीस मासे. म्हणजे अहो, एक मगसुद्धा भरला नाही, असं म्हणून त्यांनी पाण्याचा पेला उचलला. नंतर म्हणाल्या की बावीस वर्षं मी तुमच्या कपड्यांचा वास काढतेय, तो दोनशे बेचाळीस माशांचा? आणि मी स्वतः जे केलं, ते कुठे गेलं? हे शेवटचं वाक्य त्या भांडी आवरता आवरता, जरा खालच्या आवाजात बोलल्या. मामा स्वतःच्याच दुःखात इतके बुडाले होते की त्यांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. नवऱ्यांचे कान असेच असतात.

दुसऱ्या दिवशी जाब विचारायचाच, असं ठरवून मामा ऑफिसात गेले. बघतात तर साहेब स्वतः उठून उभे. मामांना खुर्ची. मामांना चहा. बावीस वर्षांत मामांनी त्या खुर्चीची धूळ झटकली होती, बसले कधी नव्हते. आणि स्क्रीनवर त्यांच्या तळ्यावर सोनेरी मासा टुणटुण उड्या मारत होता.

झालं होतं असं, की नकाशाने गणित केलं. अकरा मासे सोडले आणि मच्छीमारांनी धरले बावन्न टन. असं तळं कुठे झालं नव्हतं आणि होणारही नव्हतं. वरच्या कचेरीतून तीन फोन येऊन गेले होते. दुसऱ्या नंबरचं तळं इतकं खाली होतं की ते शोधायला पट्टी ओढत न्यावी लागायची. साहेबांचा चेहरा असा फुलला होता की जणू अंडी त्यांनीच घातली असावीत. त्यांनी मामांच्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, म्हणजे मामा, अकराच सोडता ना तुम्ही?

मामांना म्हणायचं होतं की अहो साहेब, काय बोलता, अकरा कशाला सोडेन? पण चहा गरम होता, जीभ भाजली होती, आणि तोंडातून सवयीने एवढंच निघालं, "मग?"

झालं. साहेबांनी फोन उचलला आणि वर कळवलं की कर्मचाऱ्याने दुजोरा दिलेला आहे.

यानंतरचे चार दिवस मामांच्या आयुष्यातले सगळ्यात वाईट दिवस होते असं म्हणायला हवं, पण खोटं कशाला बोला, ते सगळ्यात चांगले होते. लोकांनी त्यांना हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि तेही हात धरून चढले. रस्त्यात लोक थांबवायचे. चहाच्या टपरीवर बसायला जागा करून द्यायचे. लाखांतून अकरा निवडता कसे, म्हणून विचारायचे. पहिल्या दिवशी मामा नुसतेच हसले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, निवडीला महत्त्व आहे. तिसऱ्या दिवशी म्हणाले, डोळे बघावे लागतात. चौथ्या दिवशी ते भर टपरीवर बोटुकलीच्या नजरेतला निर्धार कसा ओळखायचा, हे समजावून सांगत होते, आणि दोघेजण ते वहीत उतरवून घेत होते. मामी सामान घेऊन तिथूनच चालल्या होत्या. त्या थांबल्या, ऐकलं, आणि एक अक्षर न बोलता पुढे गेल्या. मामींचं न बोलणं फार वाईट असतं. मामांचा उरलेला चहा तसाच राहिला.

पाचव्या दिवशी खाद्याची गाडी आली नाही. सहाव्या दिवशीही नाही. मामा साहेबांकडे गेले, तेव्हा साहेब टेप घेऊन टाक्यांची लांबी मोजत होते. अकरा माशांना अठरा टाक्या कशाला, असं वरून विचारलं गेलं होतं. खाद्य बंद केलं होतं. अकरा मासे सोडायचा कार्यक्रम ठरला होता, तो झाला की टाक्या बुजवायच्या आणि तिथे गाड्या लावायला जागा करायची. इथूनपुढे प्रत्येक तळ्यात निवडक अकरा बोटुकल्या सोडायच्या, या पद्धतीला साहेबांनी आपल्या आडनावाचं नावही सुचवलं होतं. कार्यक्रमाला वरच्या कचेरीच्या मोठ्या बाई येणार, काचेच्या बरणीतून अकरा बोटुकल्या स्वतःच्या हाताने सोडणार, आणि मामांचा सत्कार. मानचिन्हसुद्धा करायला टाकलं होतं, सोनेरी मासा आणि खाली अकराचा आकडा.

मामा टाक्यांच्या कडेने एक फेरी मारून आले. अठरा टाक्यांत दहा लाखांच्या वर बोटुकल्या होत्या. मामांची चाहूल लागताच सगळ्या काठाशी आल्या आणि तोंडं वर करून आ वासू लागल्या. तळ्यात आठ दिवसांनी जायच्या होत्या. त्या गेल्या नाहीत तर पुढच्या वर्षी मच्छीमारांच्या जाळ्यात काय येणार, दगड? आणि त्या पुढच्या वर्षी? काठावरची पन्नास घरं त्या तळ्यावर जेवत होती, आणि हा सगळा घोळ एका 'मग'ने झाला होता. मामांना स्वतःची मनापासून लाज वाटली.

घरी येऊन त्यांनी कोंड्याचं पोतं उचललं तेव्हा मामींनी विचारलं नाही, दुसरी बाजू धरली. टाक्यांशी गेल्यावर दोघं मुठीमुठीने कोंडा टाकत राहिली. मग मामी म्हणाल्या की ज्या तोंडाने घोळ घातलात त्याच तोंडाने आता निस्तरा. मामांनी मान हलवली. 'मग' सुद्धा म्हणाले नाहीत.

ते आधी नकाशाबाईंकडे गेले. रजिस्टर उघडून बोट ठेवलं आणि सांगितलं की पोरी, हे अकरा नाही, हे वरीलप्रमाणे आहे. नकाशाबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. त्यांचा चेहरा पांढरा पडला. शाळेपासून त्याही डिटो करत आल्या होत्या, पण असा दिवस आणणारा डिटो त्यांनी पाहिला नव्हता. मग त्यांनी मन घट्ट करून विचारलं की ठीक आहे, वरीलप्रमाणे, पण वर काय आहे ते बघू.

बघितलं. बावीस ओळी दोन रेघा. त्याच्या वर म्हाताऱ्या मोजणीदाराचं वळणदार अक्षर, 'नेहमीप्रमाणे'. त्याच्या वर, 'मागील वर्षाप्रमाणे'. त्याच्या वर पुन्हा 'नेहमीप्रमाणे'. असं चढत चढत दोघं रजिस्टरच्या पहिल्या पानावर गेली, तर पहिली ओळ वाळवीने खाल्लेली. म्हणजे खरा आकडा एका वाळवीला माहीत होता आणि ती सांगायला उरली नव्हती.

नकाशाबाई काकुळतीला येऊन म्हणाल्या की काका, नुसतं अकरा चूक आहे म्हणून भागणार नाही, मशीनला त्या जागी दुसरा आकडा लागतो. कुठे लिहून ठेवलंय का तुम्ही? मामांनी प्रामाणिकपणे विचार केला आणि प्रामाणिकपणे नाही म्हणाले. लिहायचं म्हणजे पेनाने, कागदावर. ते त्यांनी केलं नव्हतं. खिळ्याने भिंत खरवडणं याला लिहिणं म्हणतात, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नाही. सांगा आता, काय करावं अशा माणसाला.

दोघं साहेबांकडे गेली. साहेबांनी आधी दार लावलं, मग खिडकी लावली. मग त्यांनी गोड आवाजात समजावलं की कार्यक्रम होऊ द्या, मानचिन्ह घ्या, पुढचं पुढे बघू. आणि बोललातच तर वरून पहिला प्रश्न येईल की बावीस वर्षं तुम्ही आकडा न लिहिता नक्की काय सोडलंत, काही सोडलंत तरी का? चौकशी लागेल. वर्षभराने निवृत्त व्हायचंय ना तुम्हाला? पाण्यात राहून माशाशी वैर करू नये, मामा. मामा म्हणाले की माशाशी वैर नको म्हणूनच तर आलोय. पण साहेबांचं लक्ष नव्हतं, ते रंगवाल्याला फोन लावत होते. कार्यक्रमासाठी सगळं चकाचक करायचं होतं.

कार्यक्रमाच्या दिवशी टाक्यांसमोर खुर्च्या मांडल्या, स्क्रीन बाहेर आणला, टेबलावर रिबीन बांधलेली काचेची बरणी ठेवली. बरणीत अकरा बोटुकल्या गोल गोल फिरत होत्या. मागच्या रांगांत मच्छीमार बसले होते, हाताची घडी घालून. गेले आठ दिवस त्यांची झोप उडाली होती. मोठ्या बाई वेळेवर आल्या. सही करण्याआधी कागद वाचणारी बाई म्हणून त्यांची ख्याती होती, आणि त्यामुळे सगळं खातं त्यांना टरकून होतं. साहेबांनी भाषणात अकरा हा शब्द सतरा वेळा उच्चारला. मग मामांना बोलावलं. निवडीचं गुपित त्यांनी आपल्या तोंडून सांगावं, अशी विनंती केली.

मामा उठले. मानचिन्ह समोर चमकत होतं, बरं दिसत होतं, घरात त्यासाठी फळीवर जागाही केलेली होती. त्यांनी मामींकडे पाहिलं. मामी दुसऱ्या रांगेत मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या.

"बाईसाहेब," मामा म्हणाले, "ते अकरा नाही. लिहायचा कंटाळा म्हणून मी मारलेल्या दोन रेघा आहेत. वरीलप्रमाणे. निवडबिवड सगळं खोटं, ते मी टपरीवर ठोकून दिलं."

साहेब एकदम पाण्याच्या ग्लासकडे वळले. मोठ्या बाईंनी नकाशाबाईंकडे पाहिलं, नकाशाबाईंनी मान डोलावली. मागच्या रांगेतल्या हातांच्या घड्या सुटल्या. मोठ्या बाई चिडतील असं सगळ्यांना वाटलं, पण त्यांनी शांतपणे एकच विचारलं, "मग किती?"

मामांच्या आयुष्यात त्यांचा शब्द पहिल्यांदाच त्यांना उलटा ऐकू आला. ते म्हणाले, मोजून दाखवतो. बाह्या वर केल्या, पहिल्या टाकीशी गेले, चाळणी घातली, निथळली, मग भरला. एका मगात तीनशे चाळीस, असं सांगितलं. मोठ्या बाई म्हणाल्या, मोजा. नकाशाबाईंनी पांढरा ट्रे घेतला, पाणी घातलं आणि चमच्याने एकेक बोटुकली पलीकडच्या बादलीत टाकत मोजायला सुरुवात केली. सगळा कार्यक्रम उभा राहून बघू लागला. साहेबही मनात मोजत होते, पण एकशे ऐंशीला त्यांना शिंक आली आणि आकडा हुकला. मच्छीमार मात्र मोठ्याने मोजायला लागले होते. तीनशे अडतीस, तीनशे एकोणचाळीस, तीनशे चाळीस. आणि ट्रेमध्ये अजून एक होती.

मामा ओशाळले. म्हणाले की ती वरची. प्रत्येक मगावर एक वरून टाकतो, माप कधी उणं पडू नये म्हणून. ती धरू नका, ती तळ्याची.

मोठ्या बाईंच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. त्यांनी विचारलं की असे वीस मग एका पिंपात, बरोबर? आणि वर्षाला पिंपं किती? मामा म्हणाले, ते भिंतीवर आहे की. हे बोलून ते पंपाच्या खोलीकडे वळले, आणि वळले ते तसेच उभे राहिले. नकाशाबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. भिंत म्हणजे काय ते त्यांना आत्ता कळलं होतं, आणि भिंत पांढरीशुभ्र होती. आदल्या संध्याकाळी मामा घरी गेल्यावर रंगवाल्याने आख्ख्या खोलीला चुना फासला होता. बावीस वर्षांत ओढलेली एकही रेघ दिसत नव्हती.

मामा टाकीच्या कठड्यावर बसले. मग त्यांच्या हातात होता, तो त्यांनी बाजूला ठेवला. मच्छीमारांपैकी कोणी खाली बघत होतं, कोणी तळ्याकडे.

तेव्हा दुसऱ्या रांगेतून मामी उठल्या. त्यांनी पदर खोचला, टाकीत कोपरापर्यंत हात घातला, तळाचा काळा गाळ ओंजळभर काढला आणि सरळ जाऊन त्या कोऱ्या भिंतीवर फासला. साहेबांच्या तोंडून अस्फुट आवाज आला. मामींनी तळहाताने गाळ पसरवला आणि मग पदराच्या टोकाने वरवर पुसून घेतला. रंगवाल्याने पैसे दोन हातांचे घेऊन चुना एकाच हाताचा मारला होता, देव त्याचं भलं करो. वरचा गाळ पुसला गेला आणि खिळ्याने खोल ओढलेल्या रेघांत तो बसला. पांढऱ्या भिंतीवर काळ्या रेघा उमटल्या. आधी पाच, मग पंधरा, मग आख्खी ओळ. मच्छीमार पुढे आले आणि त्यांनीही हात टाकीत घातले. थोड्या वेळात ती भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघांनी भरली. एका वर्षाची एक ओळ, कुठे लांब, कुठे आखूड. पाऊस कमी झाला त्या वर्षीची ओळ अर्ध्यातच थांबली होती.

नकाशाबाई भिंतीसमोर तोंड उघडं टाकून उभ्या होत्या. त्यांनी दोन वर्षं खपून, आठ जणांना हाताशी घेऊन जे स्क्रीनवर बनवलं होतं, ते इथे खिळ्याने आधीच करून ठेवलं होतं.

त्यांनी भिंतीशी बसून एकेक ओळ मोजली आणि आकडे भरले. तासाभराने मोठ्या बाईंनी स्वतः तळ्यावर बोट टेकवलं. तो ठिपका फुगायला लागला. फुगला, फुगला, शेजारची दोन तळी झाकून बसला. सोनेरी मासा एकदा गडबडला आणि टुणकन उडी मारून दुसऱ्याच कुठल्या तळ्यावर गेला. आपलं तळं पहिल्या नंबरवरून नवव्यावर आलं. साहेबांचा चेहरा बघवत नव्हता, पण मच्छीमारांनी नववा नंबर आल्याबद्दल टाळ्या वाजवल्या, अशा टाळ्या पहिल्या नंबरालाही पडल्या नसत्या. मोठ्या बाईंनी तिथल्या तिथे खाद्याच्या गाडीचा आणि टाक्या चालू ठेवण्याचा कागद लिहायला लावला, पूर्ण वाचला आणि मग सही केली. साहेबांना म्हणाल्या की आता रजिस्टरात बावीस वर्षं सही कोणी केली तेही वाचू. साहेबांनी घाईघाईने सांगितलं की त्यातल्या आपल्या फक्त चार. मामांनाही बाईंनी सोडलं नाही. इथूनपुढे आकडा अक्षरात लिहायचा, डिटो केलात तर माझ्याशी गाठ आहे, असं बजावलं. मामांना पुन्हा घाम आला.

गर्दी पांगली तेव्हा मामा आपल्या तळ्याशी एकटेच खेळत बसले होते. पट्टी पुढेमागे करत होते, गोल लहानमोठा होत होता. हे वर्ष अमुक, हे वर्ष तमुक, असं मामींना सांगत होते. एका वर्षावर पट्टी आली आणि गोल एकदम सगळ्यांत मोठा झाला, स्क्रीनच्या कडेला जाऊन टेकला. मामांची छाती फुगली. म्हणाले की हे बघ, माझं सगळ्यात मोठं वर्ष. मग त्यांनी वर्ष वाचलं.

ते उठून भिंतीपाशी गेले. त्या वर्षीची ओळ शोधली. बाकी सगळ्या ओळींत रेघा ताठ उभ्या होत्या, या एका ओळीत त्या सगळ्या जरा डावीकडे कललेल्या होत्या. एकशे अडुसष्ट. मामांनी त्या बोटांनी चाचपल्या. त्या वर्षी त्यांचा पाय मोडला होता. पिंपं न्यायच्या हंगामाचे नेमके तीन महिने ते खाटेवर होते, आणि घरातून कोणीतरी पहाटे मग घेऊन जायचं आणि दुपारी ओल्या साडीने परत यायचं, आणि ते कसं काय चाललंय हेसुद्धा त्यांनी कधी विचारलं नव्हतं. नोकरी टिकली होती, तेवढं त्यांना पुरलं होतं. रजिस्टरात त्या वर्षाच्या नावानेही त्यांनी दोन रेघा मारल्या होत्या. वरीलप्रमाणे.

वळून बघितलं तर मामी मागेच उभ्या होत्या, कोपरापर्यंत गाळाने काळ्या.

"ही सगळी पिंपं तू केलीस?" मामांनी विचारलं. "एकशे अडुसष्ट?"

मामींनी हात झटकले आणि त्यांच्याकडे बघून म्हणाल्या, "मग?"